आमचा हिवाळा कुणी जाळला

माणूस गेलं की लोक येतात, बसतात, चार शब्द बोलतात आणि उठून जातात. आमच्याकडे आलेले लोक आमचा हिवाळा जाळून गेले.

ह्यांना जळणाचं वेड होतं. डेपोत दिवसभर बसच्या पोटात हात घालून घरी आले की आधी अंगणात, मग घरात. दक्षिणेच्या भिंतीला लागून त्यांच्या तीन थप्प्या. पहिली यंदाची, दुसरी पुढच्या सालाची, तिसरी त्याच्याही पुढच्या सालाची. आज फोडलेलं लाकूड दोन उन्हाळे पिऊन, दोन पावसाळे सोसून मगच आमच्या शेगडीचं तोंड बघायचं. पहिली थप्पी संपली की दुसरी पहिली व्हायची आणि रिकाम्या जागेवर नवी चढायची. मी म्हणायची, "अहो, लोक पोरांच्या लग्नाचाही इतका लांबचा विचार करत नाहीत." ते म्हणायचे, "पोरं नाहीत म्हणून तर लाकडांचा करतो." आणि हसायचे. हसताना त्यांच्या मिशीत लाकडाचा भुसा असायचा.

आमची शेगडी म्हणजे कमरेएवढी उंच, ओतीव लोखंडाची, भिंतीतून वर गेलेलं काळं धुराडं असलेली. घर दोन खोल्यांचं. शेगडीच्या उजव्या अंगाला सासूबाईंची कॉट. त्यांची छाती नाजूक. दोन वर्षं झाली, कॉट हेच त्यांचं अंगण आणि शेगडी हीच त्यांची खिडकी. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "जाळ कसा आहे?" मग दुसरा, "तू कशी आहेस?" मला कधी राग आला नाही त्याचा. जाळ बरा असला की आम्ही सगळेच बरे असायचो.

हे गेले ते पानगळ संपता संपता. डेपोतच. गाडीखालून बाहेर आले, टोपी काढली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत थांबले नाहीत.

मग लोक आले. अख्खी गल्ली आली, डेपो आला, ज्यांच्या सायकलींची चाकं ह्यांनी कधीकाळी सरळ करून दिली होती ते सगळे आले. खोलीत बसायला जागा नाही म्हणून पुरुषमाणसं अंगणात उभी राहिली. त्यांना गार वाटू नये म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, कुठून तरी लोखंडी पिंप आणून त्यात जाळ केला. भाऊजी शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहतात, पण त्या दिवसांत घर त्यांनी अंगावर घेतलं. थोरल्या भावाच्या दारात आलेल्या माणसाला हुडहुडी भरता कामा नये, म्हणून वाकून वाकून थप्पीतलं लाकूड काढत होते. एक कवळा पिंपात, एक कवळा शेगडीत. शेगडीचं झाकण लाल झालं. कुणीतरी म्हणालं, "खिडकी उघडा जरा, फार उकडतंय."

नवरा गेल्यावर कोण काय बोललं ते बायकोच्या लक्षात राहत नाही म्हणतात. माझ्या लक्षात एवढं वाक्य राहिलं. खिडकी उघडा, उकडतंय.

मी भिंतीला पाठ लावून बसले होते. दिवस येत होते, जात होते, माणसं येत होती, जात होती, जाळ मात्र जात नव्हता. सगळं ओसरलं तेव्हा मी अंगणात आले, तर भिंत दिसली. जिथे इतकी वर्षं भिंत कधी दिसलीच नव्हती, तिथे पोपडे आलेली, ओलसर, नागडी भिंत. यंदाची थप्पी गेली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण भाऊजी भले माणूस. त्यांनी भरपाई केली. ट्रकभर लाकूड मागवलं, चार माणसं लावली आणि उरलेल्या दोन थप्प्या मोडून, त्यात हे नवं मिसळून, एकच मोठी, घराएवढी, देखणी थप्पी रचून दिली. लोकांनी तिचे फोटो काढले. भाऊजी हात झटकत म्हणाले, "वहिनी, आता दोन वर्षं बघायला नको."

मी एक फाटा उचलला. हातात दगडासारखा बसला. साल घट्ट, टोकाला पाणी. गेल्याच आठवड्यात उभं असलेलं झाड होतं ते. ह्यांनी एका एका सालाची वेगळी झोप लावून ठेवली होती, आणि त्या झोपलेल्या लाकडांत हे जागं, ओलं, रडकं लाकूड कालवून टाकलेलं. कुठलं कुठल्या वर्षाचं ते आता ह्यांनाच ठाऊक. आणि हे सांगायला येणार नव्हते.

थंडी पडली आणि घर तापेना. शेगडीत फाटा घातला की तो आधी सुस्कारे टाकायचा, मग टोकातून फेस काढायचा, मग काळा व्हायचा, आणि त्याच्या ह्या सगळ्या लाडात खोली धुराने भरायची. आईंना, म्हणजे सासूबाईंना, ढास लागायची. मी पाठ चोळायची. एका हाताने पाठ, एका हाताने शेगडीचं दार. आणि पोटात राग, असा की त्यावर घर तापवता आलं असतं तर आम्ही उघड्या अंगाने फिरलो असतो.

अशाच एका ढाशीत भाऊजी आणि जाऊबाई दारात उभे राहिले. जाऊबाईंनी नाकाला पदर लावला.

"वहिनी, हे काय धुराचं चाललंय?" भाऊजी म्हणाले.

"लाकूड ओलं आहे."

"एवढं ट्रकभर आणून टाकलं."

"ट्रकभर ओलं आहे."

"लाकूड ते लाकूड हो. दादाला जमायचं." त्यांनी शेगडीचं दार उघडून आत डोकावलं आणि डोळे चोळत मागे झाले. "पेटवायलाही हात लागतो."

हातात चिमटा होता, तो खाली ठेवला. हातात असलेला बरा नव्हता.

जाऊबाई कॉटच्या कडेला टेकल्या. "आई, आमच्याकडे चला. भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या आहेत. बटण दाबलं की ऊब. उघड्या पायांनी फिराल घरभर."

"आई दोन वर्षं कॉटवरून उतरलेल्या नाहीत," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी, ताई. ऊब नाही म्हणून."

"डॉक्टरीणबाईंशी बोललो मी," भाऊजी म्हणाले. "त्या म्हणाल्या, ह्या छातीला धूर म्हणजे विष. रविवारी गाडी घेऊन येतो. घर असंच असेल तर आईला नेतो."

"आणि मी?"

भाऊजींनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "ताईंचं बघू मग."

बघू मग. जसं जुन्या कपाटाचं बघू, कुंड्यांचं बघू. ती दोघं गेली तरी तो शब्द धुरासारखा खोलीत राहिला.

बऱ्याच वेळाने आई म्हणाल्या, "मला विचारलं का गं कुणी?"

"नाही."

"मग तू तरी विचार."

"जायचंय का तुम्हाला?"

"नळ्यांकडे काय बघत पडू? शेगडीकडे बघितलं की घरात कुणी आहे असं वाटतं. खुडबुडतं, कुरकुरतं, ऐकतं." त्यांना पुन्हा ढास लागली. ती ओसरल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "पण हा खोकला काही खोटा नाही गं पोरी. तो तेवढा त्यांच्या बाजूने आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी अंगणात उतरले आणि ती देखणी थप्पी मोडायला घेतली. दोन फाटे हातात घ्यायचे, एकमेकांवर आपटायचे. वाळलेलं लाकूड टणकन बोलतं. ओलं नुसतं धप्प करतं, झोपेतून उठवल्यासारखं. हे असंच करायचे, आणि मी आतून ओरडायची, "पुरे झालं तुमचं भजन." आता मी वाजवत होते. धप्प. धप्प. धप्प. मध्येच एखादं टण्ण. बोलणारं उजवीकडे, मुकं डावीकडे. जे बरं वाटलं ते ठोकळ्यावर ठेवून कुऱ्हाडीने बारीक करत होते. एक घाव भाऊजींच्या नावाने. एक जाऊबाईंच्या. एक खिडकी उघडणाऱ्याच्या. आणि एक, खोटं कशाला बोलू, ह्यांच्या नावाने, की तीन तीन साल पुढचं बघणाऱ्या माणसाला आपलं पुढचं साल दिसलं नाही.

घावांचा ठेका आत गेला असावा. आई पडल्या पडल्या गुणगुणू लागल्या. त्यांचा आवाज आता पातळ झाला आहे, उन्हात धरलेल्या जुन्या लुगड्यासारखा, पण सूर सुटत नाही.

फोडीलं लाकूड, आत पिवळं गं ऊन,
लेक माझा गेला बाई, हिवाळे रचून.

माझी कुऱ्हाड वरच राहिली.

रचलं जळण, आल्यागेल्यानं शेकलं,
गारठ्यानं माझ्या, उशाशी डोकं टेकलं.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी कपाळावरचा घाम पुसून वर बघितलं, आणि मला गल्लीतली धुराडी दिसली.

उतरणीवरची आमची गल्ली, एकाखाली एक छपरं, प्रत्येक छपरावर धुराडं. आणि प्रत्येक धुराड्यातून बारीक, निळसर, सरळ वर जाणारा धूर. वाळलेल्या लाकडाचा. फक्त आमच्या धुराड्यातून पिवळट, जड धूर येत होता आणि अंगणातच लोळत होता. मी बघत राहिले. सगळ्यांच्या थप्प्या जाग्यावर होत्या. एवढी थंडी पडली तरी उंच, भरगच्च. का नसतील? जितके दिवस ही माणसं आमच्याकडे बसली तितके दिवस त्यांच्या शेगड्या थंड होत्या. आमचा हिवाळा कुठे उडून गेला नव्हता. तो गल्लीतल्या ज्याच्या त्याच्या अंगणात शिल्लक पडला होता.

मी ह्यांची दोनचाकी हातगाडी ओढून बाहेर काढली.

पहिलं दार शिंपीणबाईंचं, कारण ते पहिलं लागतं. "ये गं, बस," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"बसायला नाही आले. तुम्ही बसलात तेवढं दोघींचं झालं."

त्यांनी टाचण्या काढल्या.

"लाकूड न्यायला आले. सकाळी यायचात, दिवे लागल्यावर उठायचात. शेवटी शेवटी तर शिवणही घेऊन यायचात, जाळापाशी उजेड छान पडतो म्हणून. तेवढे दिवस तुमच्याकडे जाळ नव्हता. त्या दिवसांचं लाकूड द्या."

"अगं, तुझ्यासाठी बसले होते मी."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आधी आले."

"असं कुणी मागतं का गं?"

"कुणी मागत नाही. म्हणून मलाच मागावं लागतंय."

त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ओठ आवळून त्या अंगणात आल्या आणि थप्पीच्या कडेचे फाटे काढू लागल्या. मी म्हटलं, "वरचे नकोत, पावसाचे आहेत. आतले द्या." त्यांनी आतले दिले. गाडीत टाकताना एकेक फाटा असा आपटत होत्या की मला वाजवून बघावं लागलं नाही. सगळे टण्ण.

नंतर निवृत्त स्टेशनमास्तर. ह्यांच्यावर सगळ्यात लांब भाषण त्यांनी केलं होतं. शेगडीला खेटून उभे राहून, पाठ शेकत. त्यांनी माझं म्हणणं चष्मा काढून ऐकलं, मग चष्मा लावून माझ्याकडे बघितलं.

"बाई, दुःखाने माणसाचा तोल जातो. मी समजू शकतो."

"खिडकी उघडा असं कोण म्हणालं होतं, मास्तर?"

"कधी?"

"शेगडी लाल झाली होती तेव्हा."

ते जरा घुटमळले. "असेन मी. फार उकडत होतं त्या दिवशी."

"मग त्या उकाड्याचं थोडं जास्त द्या."

"मी तुझ्या नवऱ्यावर तासभर बोललो. असा माणूस होणे नाही, म्हणालो."

"हो. त्या तासाचंही धरा."

आतून त्यांची बायको हसली. हसून लगेच खोकल्याचं सोंग केलं, पण उशीर झाला होता. तिनेच मग मागच्या दाराने येऊन माझी गाडी भरली. म्हणाली, "ने. ह्यांची आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पावती फाडली."

बेकरीवाला मात्र अडला. त्याच्या भट्टीमागे लाकूड छपरापर्यंत लागलेलं, आणि तो दारात आडवा उभा, हातांना पीठ.

"मला कुणी बोलावलं नव्हतं. माणुसकी म्हणून आलो होतो."

"माणुसकी तुमची होती. जळण आमचं होतं."

"तुमच्या दिरालाच विचारा की. घाला हो, घाला, म्हणत होता. लाकडं काय, ट्रकभर आणून टाकतो म्हणाला. आम्ही काय चोरून जाळलं?"

"चोरून नाही. जाताना दोन फाटे काखेत मारून तेवढे नेलेत, छान जळतात म्हणून. शिंपीणबाईंनी बघितलंय."

"नाही देत. जा."

मग मी आत गेले आणि भट्टीजवळच्या पिठाच्या पोत्यावर बसले.

"हे काय?"

"बसते. तुमच्याकडे उबदार आहे. दिवे लागले की जाईन. उद्या पुन्हा येईन."

पहिलं गिऱ्हाईक आलं. विचारलं, "काय वहिनी, इथे कशा?" मी सांगितलं, मी इथे कशी. सगळं, पहिल्यापासून. दुसरं आलं, त्यालाही सांगितलं, दोन काखेतल्या फाट्यांसकट. तिसरी डेपोतल्या फोरमनची बायको आली. मी तोंड उघडण्याआधी बेकरीवाला पीठभरल्या हातांनी माझी गाडी भरू लागला होता. भरताना तोंडाने काय बोलत होता ते मी ऐकलं नाही. मीही आतल्या आत तेच बोलत होते.

गल्लीत बातमी माझ्यापुढे धावत गेली. खालच्या अंगाला पोचले तोवर दारं लागलेली, पण फाटकाबाहेर लाकडांचे छोटे छोटे ढीग ठेवलेले. कुणाला माझं तोंड बघायचं नव्हतं. मलाही त्यांचं नव्हतं. ढीग उचलायचा, पुढे जायचं. एका ठिकाणी डेपोचा लंगडा पहारेकरी मात्र स्वतः उभा होता, छातीशी कवळाभर फाटे धरून.

"तुमचं नको," मी म्हटलं. "तुम्ही आत आलाच नाहीत. फाटकापाशीच उभे होतात."

"आत फार माणसं होती." त्याने फाटे गाडीत ठेवले, हळू, कडा जुळवून. "हे मी त्यांना म्हणून देतोय. तुम्हाला नाही."

त्याच्यावर रागावता येईना. दिवसभरात तेवढी एकच जागा अशी आली. मग मी दांडी उचलली आणि चढ चढू लागले.

रविवारी भाऊजी आले ते दार न वाजवता. मागे गाडीत जाऊबाई बसलेल्या, मांडीवर आईंसाठी आणलेली नवी रजई. भाऊजी उंबरा ओलांडून दोन पावलं आले आणि थबकले. खोलीत धूर नव्हता. शेगडी हलक्या आवाजात बोलत होती. आई उशीला टेकून बसल्या होत्या, खांद्यावरची शाल मांडीवर आलेली.

"गल्लीभर हात पसरलात तुम्ही," भाऊजी म्हणाले. आवाज दाबलेला होता. "कोपऱ्यावर गाडी थांबवली तर बेकरीवाला हसला माझ्याकडे बघून. सांत्वनाला आलेल्या माणसांकडून कुणी वसुली करतं? दादाचं नाव होतं ह्या गल्लीत."

"नाव होतं. लाकूडही होतं. नाव त्यांनी ठेवलं, लाकूड तुम्ही जाळलंत."

"मी जाळलं?"

"घाला हो, घाला, कोण म्हणत होतं?"

"मग काय करायला हवं होतं मी?" त्यांचा आवाज सुटला. "सगळ्यांना बसता येत होतं. रडता येत होतं. मला बसवेना, वहिनी. आत आलो की दादाची जागा रिकामी. बाहेर गेलो की दादाचं लाकूड. ते उचलायचो, आणून घालायचो. पुन्हा जायचो. हाताला तेवढंच एक कळत होतं."

शेगडीत काहीतरी तडकलं.

मला कळलं नाही असं नाही. कळलं. ज्या हातांनी ह्यांचा हिवाळा उचकटला त्या हातांत काय होतं ते दिसलं मला. पण म्हणून राग गेला नाही. त्याने फक्त कूस बदलली, आणि पुन्हा माझ्याकडेच तोंड करून पडला.

"हे आधी बोलला असतात," मी म्हटलं, "तर मीच तुम्हाला लाकूड काढून दिलं असतं. तुम्ही काय म्हणालात? पेटवायलाही हात लागतो म्हणालात."



"सगळ्यांनी आपापला वाटा दिला," आई कॉटवरून म्हणाल्या. "तुझा राहिलाय."

"आई, माझ्याकडे कुठलं लाकूड? माझ्याकडे नळ्या आहेत."

"हात आहेत ना?"

"तुला न्यायला आलोय मी."

"मला खोकला येतोय का?"

भाऊजी ऐकत उभे राहिले. आम्ही तिघंही ऐकत राहिलो, जणू खोकला शेजारच्या खोलीत बसला होता आणि आता येतो की मग येतो. तो आला नाही.

त्यांनी कोट काढला, खुंटीला अडकवला आणि मागच्या दाराने अंगणात गेले. थप्पीतून मी बाजूला काढलेले ट्रकमधले जाडजूड ओंडके भिंतीच्या कडेला तसेच पडले होते, न फोडलेले. त्यांनी एक ठोकळ्यावर चढवला आणि कुऱ्हाड अशी घातली की पातं आत रुतून बसलं. ओढलं, हलवलं, पाय लावला. निघेना.

मी दारात उभी होते. बराच वेळ बघत होते.

"कडेने घाला," शेवटी म्हटलं. "मधोमध नको. ओलं आहे, मधून धरून ठेवतं."

त्यांनी पाचर ठोकून पातं सोडवलं आणि कडेने घातलं. ढलपी उडाली. पुन्हा घातलं. ओंडका फाकला आणि आतलं ओलं, पिवळं अंग उघडं पडलं. मी ते फाटे उचलले आणि भिंतीच्या पार शेवटच्या टोकाला, बाकीच्यांपासून लांब, नवा थर लावायला घेतला. ते फोडत होते, मी रचत होते. बाहेर जाऊबाईंनी एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा, मग त्या स्वतःच रजई घेऊन घरात आल्या आणि कॉटपाशी बसल्या. आई त्यांना सांगत होत्या, शेगडीत फाटा कसा तिरका घालायचा ते. जाऊबाई बघत होत्या.

भाऊजींच्या तळव्यांना फोड आले. एक फुटला. त्यांनी रुमाल गुंडाळला.

"हे कधी जळायचं?" त्यांनी माझ्या थराकडे बघून विचारलं.

"पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात."

त्यांनी घराकडे बघितलं. आवाज खाली आला. "तोवर आई असेल?"

"असं विचारून कुणी लाकूड फोडत नाही, भाऊजी."

त्यांनी दुसरा ओंडका चढवला.

ऊन उतरलं तेव्हा ते गेले, दोघंच. रजई मात्र आईंच्या पायांवर राहिली. चांगली होती, मी ती परत केली नाही. मी त्यांना चहा विचारला नाही, आणि त्यांनीही अपेक्षा केली नाही. गाडीचं दार उघडताना रुमालातला हात दुखला असावा, तोंड वाकडं झालं.

"पुढच्या रविवारी जुने बूट घालून या," मी फाटकातून म्हटलं. "अजून अर्धा ट्रक पडलाय."